आठ मिनिटांचं बीफ, वर्षाचा सोया सॉस

बोंग जून-हो यांच्या ‘पॅरासाइट’ (२०१९) या चित्रपटात मुसळधार पावसाच्या रात्री एक फोन येतो. सहल अर्धवट टाकून परतणारी श्रीमंत घरातली मालकीण गाडीतूनच कामाच्या बाईंना सांगते, पाणी उकळायला ठेवा, आम्ही आठ मिनिटांत पोहोचतोय, मुलासाठी चापागुरी करा. आणि त्यात बीफ घाला. चापागुरी म्हणजे नोंगशिम कंपनीच्या दोन इन्स्टंट नूडल्सची सरमिसळ. एक काळपट सोया पेस्टच्या चवीची ‘चापागेटी’, दुसरी माशा-कोळंबीच्या तिखट रश्श्याची ‘नगुरी’. खिशाला परवडणारा, पोरांच्या आवडीचा हा खाऊ. त्यात मालकीणबाई जे बीफ घालायला सांगतात ते मात्र ‘हानु’ या देशी कोरियन गुरांच्या सरलॉइनचं असतं आणि कोरियात त्याहून महाग मांस शोधावं लागेल. स्वस्त नूडल्सवर महागडे मांसाचे तुकडे ठेवून दिग्दर्शकाने त्या घराची सगळी आर्थिक गोष्ट एका ताटलीत मांडली. पुढे चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली आणि जगभरच्या स्वयंपाकघरांत लोक चापागुरी करून पाहू लागले.

त्या प्रसंगात दुसरीही एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. बीफ आणि नूडल्सचं गरम जेवण आठ मिनिटांत होऊ शकतं, कारण त्यातलं वेळखाऊ काम आधीच कुणीतरी, कुठेतरी करून ठेवलेलं असतं. नूडल्स कारखान्यात वाफवून, तळून आलेल्या असतात. सॉसमधलं सोयाबीन महिनोन् महिने आंबलेलं असतं. हानुचा बैल साधारण अडीच वर्षं खाऊ-पिऊ घालून वाढवलेला असतो. आपण शेवटची आठ मिनिटं तेवढी गॅसपाशी उभे राहतो. कोरियन पद्धतीचं झटपट जेवण घरी करायचं असेल तर कुठला वेळ दुसऱ्याने आधीच दिलेला आहे आणि कुठला आपण स्वतः द्यायचा आहे, एवढं नीट कळावं लागतं. ते कळलं की पाककृती पाठ करण्याची गरज उरत नाही.

घरी करण्यासाठी मी चापागुरीऐवजी बुलगोगी निवडते. बुलगोगी म्हणजे सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल आणि नासपतीचा रस यांत मुरवलेले बीफचे पातळ काप. कोरियात याच्या तीन प्रसिद्ध तऱ्हा आहेत. उल्सानजवळच्या ऑनयांगमध्ये मांस बारीक चिरून, थापून, जाळीवर भाजतात. दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्वांगयांगमध्ये अगदी आयत्या वेळी मसाला लावून कोळशावर धरतात. सोलची तऱ्हा मात्र ओली. तिथल्या जुन्या हॉटेलांत मध्ये घुमटासारखा उंचवटा आणि कडेला खोल चर असलेलं पितळी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं टेबलावर येतं. घुमटावर मांस शिजतं, त्याचा रस ओघळून चरात साठतो आणि त्या रसात रताळ्याच्या स्टार्चच्या काचेसारख्या नूडल्स सोडतात. याच पदार्थाची घरगुती, मातीच्या जाड भांड्यात उकळणारी आवृत्ती म्हणजे तुकबेगी बुलगोगी. आपल्या कढईत जमण्यासारखी हीच.

कोरियात आज बीफ म्हणजे मेजवानी आहे, पण ते ताटात सहज आलेलं नाही. गोर्यो राजवटीवर बौद्ध धर्माचा मोठा प्रभाव होता आणि प्राणिहत्येबद्दल संकोच होता. तेराव्या शतकात मंगोलांचं वर्चस्व आलं आणि मांसाहाराचं वळण परत रुजलं. नंतरच्या जोसन राजवटीत (१३९२ ते १९१०) अडचण धर्माची नव्हती, नांगराची होती. शेती बैलावर चाले. बैल कापला तर पुढच्या पेरणीला काय जुंपायचं? म्हणून राजे गुरांच्या कत्तलीवर पुन्हा पुन्हा बंदी घालत. पुन्हा पुन्हा, याचाच अर्थ ती पाळली जात नव्हती. सणाला, पितरांच्या पूजेला, दरबारी मेजवानीला बीफ लागेच. खुद्द सोलमध्ये सोंगग्युनग्वान या राजविद्यापीठाशी बांधलेल्या लोकांना मांसाची दुकानं चालवण्याचा परवाना होता. विद्यार्थ्यांना बीफ मिळत होतं आणि कायदाही कागदावर शाबूत राहत होता.

खाटीककाम करणारे मात्र समाजाच्या तळाशी होते. ‘बेकजॉन्ग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांना वेगळ्या वस्तीत राहावं लागे, पोशाखावर बंधनं होती, इतरांशी लग्नसंबंध होत नसत. १८९४ च्या सुधारणांनी कायद्याने भेद संपवला, व्यवहारात तो तसाच राहिला. एप्रिल १९२३ मध्ये जिंजू या गावी त्यांनी समतेसाठी ‘ह्यॉन्गप्यॉन्गसा’ ही संघटना उभी केली. आपल्याकडे महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. हजारो मैलांवरच्या दोन समाजांत, चार वर्षांच्या अंतराने, जन्मावरून आणि कामावरून कमी लेखलेली माणसं एकाच मागणीसाठी उभी राहत होती. बुलगोगीच्या इतिहासात हे पान सहसा कुणी उघडत नाही. मला ते उघडणं आवश्यक वाटतं, कारण मांस पातळ कापण्याचं, कुठला भाग भाजायचा आणि कुठला उकळायचा हे ओळखण्याचं ज्ञान या लोकांच्याच हातांत होतं.

भाजलेल्या पातळ बीफचा दरबारी पदार्थ होता नॉबियानी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या ‘शिउइजॉनसॉ’ या पाकग्रंथात तो येतो. बुलगोगी त्याचाच वारसदार समजला जातो आणि विसाव्या शतकात, शहरांतल्या हॉटेलांबरोबर, तो सर्वांच्या तोंडी झाला. हानु गुरं मात्र बराच काळ नांगरालाच होती. १९७० च्या दशकापासून शेतांत यंत्रं आली तेव्हा बैल जोखडातून सुटला आणि खाण्यासाठी पाळला जाऊ लागला. हानुची इतकी किंमत का, याचं एक उत्तर या इतिहासात आहे. सॉल्लाल आणि चुसॉक या दोन मोठ्या सणांना आजही कोरियात हानुचे पेटारे भेट म्हणून पाठवतात.

आता नूडल्स. बुलगोगीत पडतात त्या ‘दांगम्यॉन’. याच नूडल्स ‘जापचे’ या सणासुदीच्या पदार्थातही असतात. मूळ जापचेमध्ये नूडल्स नव्हत्याच. राजा ग्वांगहे-गुन याच्या कारकिर्दीत (१६०८ ते १६२३) यी चुंग नावाच्या दरबाऱ्याने चविष्ट भाज्यांचे पदार्थ खिलवून राजाची मर्जी मिळवली आणि मंत्रिपदापर्यंत पोहोचला. लोक त्याला टोमण्याने ‘जापचे मंत्री’ म्हणत. १६७० च्या सुमारास जांग ग्ये-ह्यांग या विदुषीने कोरियन लिपीत लिहिलेल्या ‘उमशिक दिमीबांग’ या पाकग्रंथात जापचेची कृती आहे. त्यात तितराच्या कुळातल्या फेझंट पक्ष्याचं मांस आहे, खूप भाज्या आहेत, नूडल्सचं नाव नाही. रताळं कोरियात पोहोचलं तेच मुळी १७६३ मध्ये, जपानकडे गेलेल्या जो ऑम या राजदूतामार्फत. दांगम्यॉनचा कारखाना त्यानंतर दीडशे वर्षांनी, १९१९ च्या सुमारास, आज उत्तर कोरियात असलेल्या सारिवॉन गावी निघाला. आज या नूडल्सशिवाय जापचेची कल्पनाही कुणी करत नाही. ‘पारंपरिक’ पदार्थ किती तरुण असू शकतो, याचं हे नमुनेदार उदाहरण.

या नूडल्स शिजवताना नवखा माणूस हमखास फसतो, कारण तो त्यांना गव्हाच्या नूडल्सच्या मापाने जोखतो. गव्हाच्या नूडल्सला ग्लूटेनचा सांगाडा असतो. दांगम्यॉनमध्ये पीठ नाही, ग्लूटेन नाही, आहे तो निव्वळ स्टार्च. कारखान्यात तो गरम पाण्यात शिजवून धाग्यांसारखा पाडतात, थंड करतात, वाळवतात. थंड होताना स्टार्चचे लांब रेणू पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात आणि त्यातून तो रबरी, दाताला झुंजवणारा चिवटपणा येतो. ज्यांनी साबुदाणा भिजवला आहे त्यांना याची निम्मी समज आधीच आहे. आधी भिजवून आतपर्यंत पाणी पोहोचवायचं आणि नंतर थोडक्या उष्णतेत तो पारदर्शक होईपर्यंत थांबायचं. न भिजवता थेट उकळत्या रश्श्यात टाकल्या तर नूडल्स बाहेरून चिकट होतात, आतून कडक राहतात आणि तेवढ्यात कढईतला सगळा रस्सा पिऊन टाकतात. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवल्या तर शेवटी चार-पाच मिनिटं पुरतात. हा अर्धा तास आपला नसतो, त्या वेळात बाकीची तयारी होते.

घरात दांगम्यॉन नसतील तर साध्या इन्स्टंट नूडल्सची वडी मसाल्याची पुडी बाजूला ठेवून वापरायला हरकत नाही. कोरियन घरांत तसं सर्रास करतात. सामयांग कंपनीने जपानच्या म्योजो कंपनीकडून तंत्र घेऊन १९६३ च्या सप्टेंबरमध्ये १० वॉनला पहिलं रामयॉन विकलं तेव्हा देश भुकेला होता, तांदूळ अपुरा होता आणि सरकार लोकांना गव्हाकडे वळवू पाहत होतं. त्या वड्यांनी पिढ्या जगवल्या आहेत. चव वेगळी येईल, पोत मऊ येईल, जेवण मात्र कोरियनच होईल.

या जेवणाचा खरा प्राण बाटलीत आहे आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. गानजांग, म्हणजे कोरियन सोया सॉस, जुन्या पद्धतीने असा होतो. शरद ऋतूच्या शेवटी सोयाबीन मऊ शिजवून कुटतात आणि त्याच्या विटा थापतात. या विटांना मेजु म्हणतात. भाताच्या पेंढ्याने बांधून त्या टांगून ठेवतात. पेंढ्यातून आणि हवेतून जिवाणू नि बुरशी त्यांवर वस्ती करतात. हिवाळ्याच्या अखेरीस, चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या आसपास, मेजु ओंगी नावाच्या सच्छिद्र मातीच्या रांजणात मिठाच्या पाण्यात बुडवतात. वर कोळसा आणि सुक्या लाल मिरच्या तरंगत ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी गाळ आणि द्रव वेगळे करतात. गाळाचा होतो द्वेनजांग, द्रवाचा होतो गानजांग, आणि दोन्ही पुढे आणखी महिने, कधी वर्षं, मुरत राहतात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने ‘जांग’, म्हणजे सोयाबीनच्या या आंबवलेल्या पेस्ट आणि सॉस, बनवण्याच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

रांजणात घडतं काय? सूक्ष्मजीवांची विकरं सोयाबीनमधली प्रथिनं तोडून त्यांची अमिनो आम्लं करतात. त्यांतल्या ग्लुटामिक आम्लामुळे जिभेला ती भरीव, मांसल चव लागते. म्हणजे मांसाच्या रश्श्याला तासन्तास उकळून जी खोली आणावी लागते, तिचा मोठा हिस्सा सोया सॉसने आधीच तयार ठेवलेला असतो. म्हणून वीस मिनिटांचा रस्सा पाणचट लागत नाही. काही घराण्यांत जुन्या गानजांगमध्ये दरवर्षी नवा मिसळत ‘बीज’ सॉस पिढ्यान् पिढ्या जपतात. दाम्यांगच्या गी सून-दो यांच्या घराण्यातला ३६० वर्षांचा असा सॉस नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसाठीच्या सरकारी मेजवानीत, हानुच्या बरगड्यांसाठी वापरला गेला होता. पाहुण्याच्या स्वतःच्या देशाहूनही जुना सॉस!

इतकी वर्षं आपल्याला नकोत. पण बाटलीवरची बारीक अक्षरं मात्र वाचायलाच हवीत. सोया सॉस दोन मार्गांनी होतो. एक आंबवून, ज्याला कारखान्यातही महिने लागतात. दुसरा, तेल काढलेल्या सोयाबीनच्या चोथ्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करून, जो काही दिवसांत होतो आणि ज्याला रंग-वास बाहेरून द्यावा लागतो. कोरियातही दोन्हींची मिश्रणं सर्रास विकली जातात. घटकांमध्ये सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढंच असेल तर बाटली घ्या. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ आणि कॅरमेल रंग पुढे-पुढे दिसत असतील तर परत ठेवा. आपल्याकडे गाड्यांवरच्या चायनीजसाठी मिळणारा दाट काळा सॉस रंगाला चांगला, पण बुलगोगीला तो कडवट करतो. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग पुण्यात कोरियन हॉटेलं नि किराणाही आला. त्यामुळे ‘यांगजो गानजांग’, म्हणजे नीट आंबवलेला सॉस, आता मराठी माणसाच्या हाताशी आहे. नसेल तर जपानी पद्धतीचा आंबवलेला सॉस चालतो. एकच लक्षात ठेवा, यात साधारण १६ ते १८ टक्के मीठ असतं. वेगळं मीठ घालू नका.

नासपती कशासाठी, असा प्रश्न पडतो. कोरियन नासपती मोठी, गोल, सफरचंदासारखी कुरकुरीत आणि रसाळ असते. तिचा किस मुरवणात दोन कामं करतो. गोडवा देतो आणि त्यातली विकरं मांसाचे तंतू हलकेच सैल करतात. ही विकरं फळागणिक कमी-अधिक जोरकस असतात. नासपती सौम्य, किवी आणि अननस भलतेच आक्रमक. किवीचा चमचाभर किस अर्ध्या तासात पातळ मांसाचा पिठूळ लगदा करू शकतो. मराठी घरांत मटणाला कच्ची पपई लावतात ती याच कारणासाठी. पपईतलं पपेन गरम झाल्यावरही बराच वेळ काम करत राहतं, म्हणून पपई लावणाऱ्या हाताने आवर घातलाच पाहिजे. डबाबंद अननसाचा मात्र उपयोग नाही, डबा भरताना तापवल्यामुळे त्यातली विकरं मेलेली असतात. आपल्याकडची हिरवी नासपती किंवा सफरचंद घेतलं तर गोडवा मिळेल, मऊपणा आपल्याला सुरीने मिळवावा लागेल.

आणि सुरीनेच तो सगळ्यात चांगला मिळतो. मांसाचा तुकडा फ्रीझरमध्ये तासभर ठेवा. पुरता गोठू देऊ नका, दाबल्यावर घट्ट लागला पाहिजे. मग स्नायूंचे धागे कुठल्या दिशेने गेले आहेत ते पाहा आणि त्यांना आडवे, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप काढा. धागा जितका आखूड, तितका घास मऊ. कोरियन दुकानांत बुलगोगीसाठी यंत्रावर कापलेलं मांस तयार मिळतं. तिथल्या गृहिणीचा वेळ वाचतो तो खरा इथे.

शेवटचं, तिळाचं तेल. आपलं घाणीचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, फिकट आणि मंद वासाचं असतं. कोरियन चामगिरुम तीळ खमंग भाजून काढलेलं, तांबूस तपकिरी. त्यातली भाजणीची सुगंधी द्रव्यं कढईच्या आचेवर उडून जातात, म्हणून निम्मं तेल मुरवणात आणि निम्मं गॅस बंद केल्यावर घालायचं. ते तेल मिळालं नाही तर दोन चमचे तीळ भाजून कुटून वरून घाला. नुसतं कच्चं तेल घालण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. गोचुजांग, म्हणजे मिरची, चिकट तांदूळ आणि सोयाबीन यांची आंबवलेली तांबडी पेस्ट, बुलगोगीत मुळात नसते. मिरची कोरियात पोहोचली ती सोळाव्या शतकाच्या शेवटाला, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली त्याच अमेरिकी मिरचीची ती बहीण. तिखटाशिवाय चैन पडत नसेल तर एक चमचा घाला. जास्त घातलीत तर नासपती आणि तीळ दोन्ही हरवतील.

चार माणसांसाठी पाव किलो ते अर्धा किलो बीफ पुरतं. पाव किलोत भाज्या वाढवाव्या लागतात आणि मला तेच जास्त आवडतं. २०० ग्रॅम नूडल्स कोमट पाण्यात भिजत घाला. वाडग्यात पाच मोठे चमचे सोया सॉस, दीड-दोन चमचे साखर, अर्ध्या नासपतीचा किस, ठेचलेल्या लसणाच्या सहा पाकळ्या, भरपूर मिरपूड आणि चमचाभर तिळाचं तेल एकत्र करा. मांस त्यात हाताने चोळून अर्धा तास ठेवा. पातळ काप असल्याने रात्रभर मुरवण्याची गरज नाही. तेवढ्यात एक कांदा, एक गाजर, मूठभर मशरूम उभे चिरा, पातीच्या कांद्याचे बोटभर तुकडे करा. दोन कप पाण्यात कोंबू हे सुकं समुद्री शेवाळ आणि सुकी छोटी मासळी दहा मिनिटं उकळून रस्सा काढला तर उत्तम. कोरियात यासाठी सुक्या अँकोव्ही वापरतात. आपली मांदेली त्याच कुळातली आहे, पण सुकी मांदेली जास्त उग्र, म्हणून डोकं-पोट काढून दोन-चारच घ्यावी. हे काहीच नसेल तर साधं पाणी घ्या, सॉस सांभाळून घेईल.

लोखंडी कढई खरपूस तापू द्या. थोडं तेल, मग निथळलेलं मांस, दोन हप्त्यांत. सगळं एकदम टाकलं की मांसाला पाणी सुटतं आणि पाणी असेपर्यंत कढईचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. तांबूस, खमंग डाग पडण्याची जी रासायनिक क्रिया आहे तिला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. साखर असल्यामुळे डाग लवकर पडतो आणि लवकर जळतोही. दोन मिनिटं पुरेत. मांस बाजूला काढा. त्याच कढईत कांदा, गाजर, मशरूम परता, मग उरलेलं मुरवण आणि दोन कप रस्सा ओता. मुरवणात कच्चं मांस होतं, तेव्हा ते खळखळून उकळलंच पाहिजे. भिजलेल्या नूडल्स कात्रीने दोनदा कापून सोडा. चार-पाच मिनिटांत त्या काचेसारख्या दिसू लागतील. रस्सा निम्म्यावर आला की मांस आणि पातीचा कांदा परत घाला, एक उकळी येऊ द्या, गॅस बंद करा, उरलेलं तिळाचं तेल आणि भाजलेले तीळ घाला. कढईतच टेबलावर न्या. बरोबर किमची असावी. तिचा आंबटपणा या गोडसर रश्श्याला हवाच असतो.

घाईच्या दिवशी बीफचा खिमा वापरण्याची पद्धत अमेरिकेतल्या घरांत फार रुळली आहे. तीत मुरवणं नाही, कापणं नाही. मला ती आवडते, एका अटीवर. खिमा आधी कोरडाच, न हलवता, एका बाजूने चांगला तांबूस होऊ द्या आणि मगच सॉस ओता. सॉस आधी ओतला की उकडलेला करडा खिमा मिळतो आणि मग लोक कोरियन चवीला दोष देतात.

महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे. इथे बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं. ते गडद, कमी चरबीचं आणि जरा भरड धाग्याचं असतं, म्हणून काप आणखी पातळ काढावेत आणि अर्धा चमचा कच्च्या पपईचा किस लावावा, वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. गोव्यात ज्यांच्या घरी बीफ चिली-फ्राय होतो त्यांना या कढईतलं काहीच परकं वाटणार नाही. जे बीफ खात नाहीत त्यांनी या पानापासून लांब राहू नये. कोरियात डुकराची बुलगोगी तितकीच घरगुती आहे आणि कोंबडीच्या मांडीचं मांसही याच मुरवणात छान होतं. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात तर मांस, कांदा, लसूण काहीच नसतं, तरी त्यांच्या मशरूम आणि दांगम्यॉनच्या पदार्थांना चवीत कमी कुणी म्हणणार नाही, कारण गानजांग तिथेही आहे. जाड मशरूम हाताने फाडून, कोरडे परतून, मग सॉसमध्ये टाकले की ते मांसाचं काम करतात.

उरलं तर? फ्रिजमध्ये दांगम्यॉन पांढुरक्या आणि ताठ होतात. स्टार्चचे रेणू थंडीत पुन्हा आवळले जातात म्हणून तसं होतं, नूडल्स बिघडलेल्या नसतात. दुसऱ्या दिवशी कढईत दोन-तीन चमचे पाणी घालून झाकण ठेवा, त्या पुन्हा पारदर्शक होतील. सोलमधल्या साध्या खाणावळींत अशा सोयात परतलेल्या नूडल्स गरम भातावर वाढतात. त्यावर एक अर्धकच्चं अंडं तळून ठेवा आणि भाताबरोबर कालवून खा.